सरकारी कृषिसंशोधनाचा जमाखर्च

सरकार शेतीच्या संशोधनावर दरसाल पैसा खर्च करते, हे आपणा सर्वांस ऐकून माहीत आहे; परंतु त्या पैशाचे पुढे काय होते, त्यातून कोणते पीक उभे राहते व ते कोणाच्या खळ्यावर येते, याची चौकशी करणारे शेतकरी थोडेच. पारावर या विषयाची गोष्ट निघाली म्हणजे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, विद्यापीठात कागद पिकतात, धान्य पिकत नाही. दुसरा म्हणतो, साहेब सांगतील तेच खरे, आपण कशास डोके शिणवावे? आमच्या मते हे दोन्ही पक्ष हिशेब न पाहताच निकाल देतात. आमचे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेले. तेथे एक गोष्ट पक्की अंगवळणी पडते, ती ही की, जमा व खर्च या दोन्ही बाजू समोर आल्याखेरीज कोणत्याही खात्याविषयी बरेवाईट बोलू नये. तोच नियम लावून मराठवाड्यातील सरकारी कृषिसंशोधनाचे खाते वाचकांपुढे उघडावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भोकरदन तालुक्यातील आमच्या हसनाबादेच्या आसपासची काळी व मध्यम जमीन आणि तीतील तूर, कपाशी, मका, मिरची ही पिके डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. इतरत्रच्या वाचकांनी आपापल्या शिवाराप्रमाणे त्यातील योग्य ते घ्यावे.

खाते केव्हा उघडले

हा आपला मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत असे. संस्थानाच्या सरकारने १९१८ साली परभणी येथे मुख्य प्रयोगक्षेत्र सुरू केले, आणि मराठवाड्यातील शास्त्रीय शेतीसंशोधनाचा आरंभ तेथून धरावयाचा. त्या काळी सरकारचे मुख्य लक्ष कपाशीवर होते. नांदेड-परभणीकडील गावराणी कपाशी देशी असूनही तिचा धागा तलम, म्हणून गिरण्यांकडून तिला मागणी असे. तिच्या मिसळ बियाण्यातून एकेक चांगले झाड निवडून, त्याचे बी वेगळे वाढवून गावराणी ६ यासारखे शुद्ध वाण तयार करण्यात आले. त्याच सुमारास, १९२१ साली, ब्रिटिश हिंदुस्थानात मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली व कापसाच्या गाठींवर बसविलेल्या लहानशा करातून तिच्या संशोधनाचा खर्च भागू लागला. संशोधनाचा पैसा आकाशातून पडत नाही, तो शेवटी शेतमालातूनच निघतो, हे यावरून ध्यानात यावे.

शेजारच्या मुंबई इलाख्यातही अशीच खटपट चालू होती. सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे प्रयोग झाले. बांधबंदिस्ती, रुंद अंतरावर पेरणी, एकरी बियाणे कमी व कोळपण्या अधिक, ही जी पद्धत आज आपण वाडवडिलांची म्हणून सांगतो, तिला आकड्यांचा आधार त्या प्रयोगांनी दिला. सोलापूर जिल्ह्यातच मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण निघाला. त्यानंतर कित्येक संकरित वाण आले व गेले. परंतु रब्बीच्या भाकरीसाठी व कडब्यासाठी मालदांडी अद्यापि पेरली जाते. ज्यांनी ती निवड केली त्यांचा पगार केव्हाच खर्ची पडला. जमा मात्र पिढ्यानुपिढ्या चालू आहे. चांगल्या संशोधनाचे हेच लक्षण होय.

मुक्तिसंग्रामानंतर १९५६ साली परभणीस कृषि महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. पुढे राज्य सरकारने विभागवार कृषि विद्यापीठे काढली: राहुरीस १९६८, अकोल्यास १९६९, आणि दापोली व परभणी येथे १८ मे १९७२ रोजी. परभणीच्या विद्यापीठास २०१३ साली वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. ज्या १९७२ साली हे विद्यापीठ जन्मास आले, ते दुष्काळाचे साल जुन्या मंडळींस विसरणे शक्य नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील संशोधन केंद्रे या विद्यापीठाच्या अखत्यारीत आहेत, आणि त्यांपैकी आपल्या जवळचे केंद्र म्हणजे बदनापूर.

वांझ तूर व बदनापूरचे काम

बदनापूर हे जालना व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या दोन शहरांच्या मधल्या रस्त्यावर आहे. हसनाबादेहून एका दिवसात जाऊन यावे इतके ते जवळ. तेथील केंद्र कडधान्यांसाठी, त्यातही तुरीसाठी, सर्व देशात ओळखले जाते. सरकारी संशोधनाचा फायदा कसा मोजावा, हे समजण्यास तुरीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतो.

तुरीचे दोन वैरी आहेत. पहिला मर रोग. पीक फुलावर अथवा शेंगेवर आले असता उभे झाड एकाएकी सुकते. आपल्याकडे ‘तूर उबळली’ असे म्हणतात. असे झाड उपटून खोड उभे चिरले तर आत काळपट तपकिरी रेघ दिसते. ही बुरशी जमिनीत राहते व मुळांच्या अवशेषांवर वर्षानुवर्षे जिवंत राहते. त्यामुळे वरून कितीही औषध फवारले तरी उबळलेले झाड उभे राहत नाही. दुसरा वैरी वांझ रोग. यात झाड मरत नाही; उलट हिरवेगार व झुडपासारखे दाट दिसते. पाने मात्र लहान राहतात, त्यांवर फिकट व गडद हिरवे ठिपके उमटतात, आणि फूल व शेंग धरत नाही. पीक उगवल्यापासून पहिल्या दीड महिन्यात हा रोग लागला तर झाडाचे उत्पन्न बहुतेक सर्वच बुडते. डोळ्यांस न दिसणारा एक सूक्ष्म कोळी वाऱ्यावर पसरून हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो.

आता येथे संशोधनाची खुबी पाहावी. रोगाचा प्रसार कोळ्याने होतो, हे १९६० च्या दशकात कळले. परंतु त्या कोळ्याबरोबर जो विषाणू जातो तो ओळखण्यास सुमारे २००० सालापर्यंत वाट पाहावी लागली. शेतकऱ्याने तोपर्यंत हात जोडून बसावे काय? संशोधकांनी तसे केले नाही. कारण पुरते हाती लागले नसले तरी, कोणते झाड टिकते व कोणते टिकत नाही हे शेतात दिसतेच. म्हणून मर रोगासाठी मुद्दाम रोगट केलेल्या जमिनीच्या तुकड्यात शेकडो प्रकारची तूर पेरावयाची व जी उबळणार नाही तिचेच बी धरावयाचे, अशी पद्धत आहे. वांझ रोगासाठी रोगट झाडाचे पान निरोगी रोपाच्या पानास टाचून ठेवतात, म्हणजे कोळी आपोआप नव्या रोपावर जातो व त्या रोपाची परीक्षा होते. आपण चांगले पीक यावे म्हणून रोगापासून दूर पळतो. संशोधक रोगाला घरी बोलावून त्याच्यासमोर बियाण्यास उभे करतो.

बदनापूरच्या केंद्राने प्रथम बीडीएन १ व बीडीएन २ हे वाण दिले. नंतर मर व वांझ या दोन्ही रोगांपुढे टिकेल अशा तुरीचा शोध झाला व त्यातून लाल दाण्याचा बीएसएमआर ७३६ आणि पांढऱ्या दाण्याचा बीएसएमआर ८५३ म्हणजेच वैशाली हे वाण निघाले. या चार अक्षरांचा अर्थ पुष्कळांस ठाऊक नसतो: बदनापूरचा, वांझ रोगास प्रतिकार करणारा, एवढाच तो अर्थ आहे. आपल्या शेजारच्या गावाचे नाव अशा रीतीने दूरदूरच्या शेतांत पेरले गेले, याचा आपणास अभिमान वाटावा. विषाणूची ओळख पटण्यापूर्वीच ७३६ हा वाण शेतात उभा होता, हेही विसरता कामा नये.

परंतु रोगाचा बंदोबस्त झाला म्हणजे सर्व झाले असे नव्हे. ७३६ तयार होण्यास सुमारे सहा महिने घेतो. भारी जमिनीत ते चालते; पण मध्यम व हलक्या जमिनीत परतीचा पाऊस चुकला की शेंगा भरण्याच्या वेळी ओल सरते व दाणा बारीक राहतो. ही अडचण ओळखून त्याच केंद्राने बीडीएन ७११ हा पाच महिन्यांच्या आसपास तयार होणारा पांढरा वाण २०१२ साली पुढे आणला. ओल संपण्यापूर्वी पीक घरात, असा त्याचा हिशेब आहे. त्यानंतर बीडीएन ७१६ हा लाल, आणि अलीकडे बीडीएन २०१३-४१ म्हणजे गोदावरी हा पांढरा वाण आला. एक रोग, मग दुसरा रोग, मग पावसाची ओढ. शेतकऱ्याची अडचण जशी पुढे सरकली, तसे संशोधनही तिच्यामागे सरकत गेले. प्रत्येक वाणामागे सामान्यतः आठ ते दहा वर्षांचे काम असते. म्हणून आज केंद्रात जे पेरले जात नाही, ते दहा वर्षांनी आपल्या तिफणीत येणार नाही, हे पक्के समजावे.

फायदा मोजावा कसा

समजा, एखाद्याच्या शेतात शंभरांपैकी तीस झाडे उबळतात अथवा वांझ राहतात. त्याने मशागत शंभर झाडांची केली, खत शंभरांस घातले, निंदणी शंभरांची दिली; शेंगा मात्र सत्तरांच्याच आल्या. रोगास टिकणाऱ्या बियाण्याने त्या तिसांपैकी वीस झाडे वाचविली, तर ते उत्पन्न जवळजवळ नक्त फायद्याचे आहे, कारण त्यासाठी वेगळी मशागत करावी लागली नाही. बियाण्याच्या किमतीत जो थोडा फरक पडला तेवढाच काय तो खर्च. असा फायदा एका शेतात लहान दिसतो. तोच गावाच्या शिवाराने व जिल्ह्यांच्या संख्येने गुणला म्हणजे एका लहानशा केंद्राचा खर्च त्यापुढे किती, हे कोणासही कळेल.

असा हिशेब परदेशात फार पूर्वी मांडला गेला आहे. अमेरिकेत ज्वी ग्रिलिचेस या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ साली संकरित मक्याच्या संशोधनावरील सर्व खर्च एका बाजूस व त्यापासून समाजास झालेला लाभ दुसऱ्या बाजूस मांडून दाखविला. गुंतविलेल्या रकमेवर दरसाल शेकडा निदान ७०० इतका लाभ निघाला. हे एका यशस्वी शोधाचे गणित होते, प्रत्येक प्रयोगास ते लागू पडत नाही. दहा प्रयोग फसतात तेव्हा एक फळास येतो, आणि त्या दहांचा खर्चही त्याच खाती घालावा लागतो. तरीही बोध असा की, संशोधनाचे मोल निबंधांच्या संख्येवरून काढता येत नाही. ते शेतात किती पिकले व घरात किती आले, यावरूनच काढावे लागते.

जेथे व्यापाऱ्यास नफा नाही

येथे एक शंका वाचकांच्या मनात येईल. चांगले बियाणे काढावयास खासगी कंपन्या आहेतच. मग सरकारने हा व्याप कशास करावा? शंका योग्य आहे, आणि जालना जिल्ह्यातील माणसाने तर ती विचारावीच. कारण जालना शहर हे बियाण्यांच्या उद्योगाचे माहेरघर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तेथे महिको कंपनी काढली. त्यांच्या कार्याबद्दल त्यांस १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. खासगी संशोधनाने शेतकऱ्यांचे पुष्कळ काम केले आहे, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही.

परंतु खासगी कंपनीचे गणित वेगळे असते. संकरित बियाणे शेतकऱ्यास दरसाल नवे घ्यावे लागते. घरचे बी पेरले तर पीक एकसारखे येत नाही. म्हणून कपाशी, मका, मिरची यांत कंपन्या पैसा घालतात. तुरीचे, हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे सरळ वाण एकदा घेतले की शेतकरी दोन-तीन वर्षे घरचे बी पेरतो, शेजाऱ्यास देतो. तसा हक्क त्यास २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही राखून ठेवला आहे. असे बियाणे विकून व्यापाऱ्यास फार नफा नाही, म्हणून त्यावर दहा वर्षे खर्च करण्यास तो सहसा पुढे होत नाही. तेथेच सरकारची खरी गरज आहे. तुरीचा वांझपणा गेला, तो बहुतांशी सरकारी केंद्रांमुळे. परभणीची एमएयूएस ७१ व यंत्राने कापणीस सोईची उंच एमएयूएस १६२ ही सोयाबीन, परभणी मोती ही रब्बी ज्वारी, हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने २०१८ साली आलेली लोह व जस्त अधिक असणारी परभणी शक्ती ज्वारी, ही सर्व याच वर्गातील कामे होत.

कपाशीचा धडा

जमेच्या बाजूबरोबर उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हा हिशेब एकतर्फी ठरेल. पहिली उणीव कपाशीच्या बाबतीत दिसून आली. परभणी विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने १९८० च्या दशकात एनएचएच ४४ हा संकरित वाण दिला. तो कोरडवाहू जमिनीत टिकाव धरी, रस शोषणाऱ्या किडींस लवकर बळी पडत नसे, वेचल्यावर पुन्हा फुटत असे. मराठवाड्यात तो घरोघर गेला. पुढे २००२ साली बोंडअळीस प्रतिकार करणाऱ्या बीटी कपाशीस देशात परवानगी मिळाली व थोड्याच वर्षांत शेतकऱ्यांनी तीच पसंत केली. नांदेडचा वाण तेव्हा बीटी नव्हता. त्यास तो गुण जोडून पुन्हा बाजारात आणण्यास पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला. तोवर शिवार दुसऱ्यांच्या बियाण्याने भरून गेले होते. वाण चांगला असून उपयोग नाही. तो वेळेवर आला पाहिजे. पेरणीची वाफ जशी शेतकऱ्यासाठी थांबत नाही, तसा काळही विद्यापीठासाठी थांबत नाही.

आणि याच कपाशीची दुसरी बाजूही आहे. ज्या बीटीवर सर्वांनी भरवसा टाकला तिच्यावर गुलाबी बोंडअळीने मात केली व २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात फार मोठे नुकसान झाले. त्या वेळी फरदड न ठेवणे, डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे, कामगंध सापळे लावणे हा उपदेश सरकारी केंद्रांनीच गावोगाव दिला. मक्यावरील लष्करी अळीचेही तसेच. ती २०१८ साली प्रथम कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. अशा वेळी कोणतेही औषध न विकणारा सल्लागार हवा असतो, आणि तो सरकारी केंद्रावाचून अन्यत्र मिळणे कठीण. आता नांदेड केंद्राने एनएच १९०१ बीटी व त्याच्या जोडीचे सरळ बीटी वाण काढले आहेत. त्यांचे बियाणे शेतकऱ्यास घरी ठेवता येण्यासारखे आहे. हे काम वीस वर्षांपूर्वी झाले असते तर आज बियाण्याच्या पिशवीवर होणारा खर्च किती वाचला असता, याचा वाचकांनी विचार करावा.

आमच्या भोकरदन तालुक्याची आणखी एक तक्रार आहे. येथे मिरचीचे पीक मोठे. पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. परंतु त्या मिरचीचे बियाणे प्रायः खासगी, औषधाचा सल्ला दुकानदाराचा, व बोकड्या रोग आला की फवारणीवर फवारणी. तुरीवर जसे दशकानुदशके एकाच ठिकाणी बसून काम झाले, तसे या पिकावर आमच्या भागासाठी झालेले दिसत नाही. तुरीचे यश दाखवूनच ही मागणी आपण केली पाहिजे.

खर्चाची बाजू व रिकाम्या खुर्च्या

विद्यापीठास राज्य सरकारचे अनुदान मिळते. अखिल भारतीय योजनांसाठी भारतीय कृषि अनुसंधान परिषद, जी १९२९ साली स्थापन झाली, पैसा देते. चारही विद्यापीठांचे संशोधक दरवर्षी संयुक्त बैठक भरवितात, आणि नवे वाण, अवजारे व शिफारशी तेथे मांडून, वाद करून मंजूर होतात. ही रीत चांगली आहे. कारण एका विद्यापीठाचे काम दुसऱ्याच्या नजरेखालून जाते.

परंतु चारही विद्यापीठांत पुष्कळ जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत, ही गोष्ट जाहीर आहे. महसूल खात्यात तलाठ्याची जागा रिकामी राहिली तर फेरफार अडतो व लोक तहसीलवर जाऊन ओरडतात. पैदासकाराची जागा रिकामी राहिली तर कोणी ओरडत नाही, कारण त्याचा तोटा दहा वर्षांनी दिसतो. वाणाच्या पैदाशीचे काम हे पिढ्यांचे काम आहे. पाचव्या पिढीत माणूस बदलला व सहावीस जागाच रिकामी राहिली, म्हणजे मागील पाच वर्षांचा खर्च वाया जातो. काटकसर म्हणून जी जागा भरली नाही, तीच सर्वांत महाग पडते.

आणखी एक उणीव भाषेची. विद्यार्थ्यांचे प्रबंध व संशोधकांचे निबंध इंग्रजीत लिहिले जातात. विद्यापीठाचे ‘शेतीभाती’ हे मासिक व वार्षिक कृषि दैनंदिनी मराठीत निघतात, हे ठीकच. तरी ज्याच्या पैशावर हे काम चालते त्याच्या भाषेत प्रत्येक प्रयोगाचा निष्कर्ष चार ओळींत तरी छापून यावा, अशी आमची सूचना आहे. फसलेल्या प्रयोगांचाही त्यात समावेश असावा. कोणता मार्ग बंद आहे हे कळणे, हाही प्रवाशाचा लाभच आहे.

नोंदच नाही

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी लेखणी उचलली तो सांगतो. मराठवाड्यातील १९५४ सालच्या खासरा पाहणी पत्रकापासून आजच्या सात-बारापर्यंत पिकाची नोंद होत आली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी करू लागला आहे. गाव नमुना बारामध्ये पिकाचे नाव येते, क्षेत्र येते, जलसिंचित की अजलसिंचित तेही येते. परंतु वाणाचे नाव येत नाही. तूर ती तूर. ती बदनापूरची गोदावरी आहे, की दहा वर्षांपूर्वी बाजारातून आणलेली मिसळ आहे, हे दप्तर सांगू शकत नाही.

याचा परिणाम असा की, ज्या बियाण्यासाठी सरकारने दहा वर्षे पैसा खर्च केला, ते किती एकरांत पेरले गेले, हे गावच्या नोंदीवरून सरकारासच समजत नाही. किती क्विंटल पैदासकार बियाणे विकले, यावरून अदमास काढतात. पण शेतकऱ्याने शेतकऱ्यास दिलेले बी त्यात येत नाही. खर्चाची पावती आहे आणि जमेची नोंद नाही, अशा खात्याचा हिशेब कोणता तपासनीस मान्य करील? आणि जमेची नोंद नसल्यानेच अंदाजपत्रकाच्या वेळी संशोधनाच्या रकमेवर कात्री चालविणे सोपे जाते. पीक पाहणीत वाणाच्या नावाचा एक रकाना वाढविला तर हे सर्व बदलेल. निदान तूर, सोयाबीन, हरभरा व कपाशी या चार पिकांपुरता तरी तो असावा. आपल्या मंडळाने तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सरकाराकडे पाठवावा, असे आम्ही सुचवितो.

आपले कर्तव्य

सरकारास दोष देऊन आपण मोकळे होणे बरे नव्हे. चांगला वाण आपल्या हातीही बिघडतो. तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात व शेजारच्या मिसळ तुरीचे पराग आणतात. त्यामुळे घरचे बी वर्षानुवर्षे पेरले की ७३६ हे केवळ नावाला ७३६ राहते व ते उबळले म्हणजे आपण विद्यापीठास बोल लावतो. यासाठी काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत, त्या येथे नमूद करतो.

पहिली गोष्ट, तुरीचे बियाणे तीन वर्षांनी बदलावे. विद्यापीठाचा वर्धापन दिन १८ मे रोजी परभणीस खरीप मेळावा भरवून साजरा होतो, व मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबरला, रब्बीचा. त्या वेळी बियाण्याची विक्री होते. गावातील दहा जणांनी मिळून एकास पाठविले तरी काम भागते.

दुसरी गोष्ट, पिशवीवरील खूणचिठ्ठी ओळखावी. पैदासकार बियाण्यास सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्यास पांढरी व प्रमाणित बियाण्यास निळी चिठ्ठी असते. सत्यप्रत बियाण्यास फिकट हिरवी असते. त्याची हमी विकणाऱ्याची, बीज प्रमाणीकरण यंत्रणेची नव्हे. चिठ्ठी, पावती व मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. तक्रारीचा प्रसंग आला तर कागदावाचून कोणी ऐकत नाही, हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार?

तिसरी गोष्ट, तुरीची कापणी झाल्यावर बांधावरील व शेतातील फुटवे उपटून टाकावेत. त्या हिरव्या फुटव्यांवर वांझ रोगाचा कोळी उन्हाळा काढतो व जूनमध्ये नव्या पिकावर येतो. एकट्याने उपटून भागत नाही. साऱ्या शिवाराने उपटले पाहिजेत.

चौथी गोष्ट, नवा वाण एकदम सर्व शेतात पेरू नये. चार तास नव्या वाणाचे व शेजारी चार तास जुन्याचे पेरावे. जमीन एक, पेरणीचा दिवस एक, खत एक. उबळलेली व वांझ झाडे मोजावीत, मळणी वेगळी करावी, काट्यावर तोलून वहीत तारीखवार लिहावे. पावसाची नोंदही त्याच वहीत असावी. हे काम मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेल्यासही जमते. अशा पन्नास वह्या तालुक्यातून जमल्या व त्या बदनापूरच्या संशोधकांपुढे ठेवल्या, तर आपल्या बरड जमिनीत काय चालते व काय चालत नाही, हे त्यांस घरबसल्या कळेल. आणि पुढील वाण काढताना आपली जमीन त्यांच्या हिशेबात येईल.

संशोधन हे सरकारने शेतकऱ्यावर केलेले उपकार नव्हेत, आणि व्यर्थ गेलेला खर्चही नव्हे. ते आपल्याच पैशाचे, लांब मुदतीचे खाते आहे. १९१८ पासून ते चालू आहे. आपल्या वडिलांच्या व आजोबांच्या सारावसुलीचा अंश त्यात जमा आहे. त्या खात्यातून वांझ तुरीस शेंगा आल्या, हे व्याज आपण घेत आहोत. मुद्दल शाबूत ठेवणे, त्यात भर घालावयास सरकारास लावणे व वर्षाचे वर्षास हिशेब मागणे, एवढे आपल्या पिढीने केले, तर पुढच्या पिढीस आपल्याविषयी तक्रार करण्याचे कारण राहणार नाही. वाचकांपैकी ज्यांनी असे शेजारी-शेजारी पेरणीचे प्रयोग केले असतील, त्यांनी आपले आकडे या मासिकाकडे अवश्य पाठवावेत. नफा झाला असो वा तोटा, दोन्ही आकड्यांस येथे सारखीच किंमत आहे.